गेन्साकूचं वाक्य

"परत लाव," शर्वाणी म्हणाली.

इम्राननं बटण दाबलं. काचेपलीकडची ध्वनिमुद्रणाची खोली रिकामी होती, पण स्पीकरमधून जनूमामांचा आवाज आला. भरदार, कडेला जरा घोगरा.

"आलीस होय, पोरी? पाणी तापलंय. आधी पाय शेकून घे."

"ही पहिली फेरी. आता दुसरी," इम्रान म्हणाला.

"ये गं ये, पोचलीस एकदाची! झऱ्याचं पाणी कढत आहे, पाय बुडव, शीण जाईल."

"तिसरी."

"दमलीस ना? चल, पाय शेक जरा. पाणी कसं झकास तापलंय."

असे सहा तुकडे ऐकून झाले. सहाही वेळा तोच म्हातारा त्याच बसथांब्यावर उभा राहून त्याच मुलीला तेच सांगत होता, आणि सहाही वेळा शब्द वेगळे होते. शर्वाणीनं खुर्ची वळवली.

"मामा, हे काय आहे?"

जनूमामा दाराजवळच्या बाकावर बसले होते. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. "काय म्हणजे? चांगलं झालंय की."

"चांगलं झालंय हो. पण कागदावर सहाही वेळा एकच वाक्य आहे. अगदी तेच. मग तुम्ही सहा वेळा सहा तऱ्हेनं कसं बोललात?"

मी मामांच्या शेजारी बसलो होतो. त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली आणि माझ्या कानाजवळ कुठेतरी थांबली. त्यांची नजर नेहमी तिथंच थांबायची.

सकाळचे सव्वादहा झाले होते. माझ्या शर्टाच्या खिशात घडी केलेली एक चिठ्ठी होती. स्टुडिओकडे येताना रिक्षातच मी ती लिहिली होती.

याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो. चौतीस वर्षं कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेलो. माणसांत बोलायची मला कायमची धास्ती. छापखान्यातसुद्धा मालकांना काही सांगायचं असलं तर मी चिठ्ठी लिहायचो. शर्वाणी ढवळे ही माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी. तिनं राजारामपुरीत परदेशी मालिकांना मराठी आवाज देण्याचा छोटा स्टुडिओ काढला होता. "सर, तुमचं मराठी पाहिजे मला," असं ती म्हणाली आणि मी भुललो. माझं मराठी पाहिजे, असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. पाहिजे होता तो माझा लाल पेन्सिलवाला हात.

मालिका जपानी होती, हातानं काढलेल्या चित्रांची. आमच्या मराठी आवृत्तीत तिचं नाव 'घंटेआधीचं गाव'. डोंगरातलं, गरम झऱ्यांचं एक गाव. रिन्को नावाची तरुण शिक्षिका बसनं तिथं येते. तिसऱ्या दिवशी दिव्यांच्या उत्सवात कुणाचा तरी खून होतो, देवळातली घंटा वाजते, आणि रिन्को पुन्हा बसमधून उतरत असते. तेच तीन दिवस नव्यानं सुरू होतात. गावात कुणालाच आधीचं काही आठवत नाही, एका रिन्कोला सोडून. बसथांब्यावर तिला घ्यायला येतो तो धर्मशाळेचा म्हातारा मालक, गेन्साकू. त्याला जनूमामांचा आवाज होता.

वाहिनीनं सुरुवातीलाच संवादलेखकाकडून, म्हणजे माझ्याकडून, एक टिपण मागितलं होतं: मालिकेची बलस्थानं काय, दुबळ्या जागा कुठल्या. मी ते रात्रभर जागून... नाही, खरं सांगायचं तर चार दिवस खपून लिहिलं. बलस्थानांत लिहिलं की गावातल्या साध्या माणसांवर फार माया केलेली आहे, भीती अंधारातून येत नाही, भर उन्हात चहा ओतणाऱ्या हातातून येते. दुबळी जागा म्हणून पहिल्याच क्रमांकाला लिहिलं: पुनरुक्ती. तेच प्रसंग, तेच संवाद फेरीफेरीनं येतात, कान विटतो. शर्वाणीला टिपण आवडलं नाही. "सर, मला तर तेच आवडतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हातारा 'पाय शेकून घे' म्हणतो तेव्हा बरं वाटतं. तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा पळून जावंसं वाटतं. वाक्य तेच." मी मान हलवली. मनात म्हटलं, वय लहान आहे.

मालिकेतले शेवटचे सहा भाग वाहिनीनं दडवून ठेवले होते. रहस्य फुटू नये म्हणून. त्यांचे इंग्रजी संवाद आदल्या दिवशी, शुक्रवारी माझ्याकडे आले. शनिवारी पहाटे चहा पिता पिता मी ते वाचायला घेतले, आणि सतराव्या भागात रिन्को एक वही उघडते तिथं मी चहा तसाच ठेवला आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

वहीत तिनं प्रत्येक फेरीतलं प्रत्येकाचं बोलणं टिपून ठेवलेलं असतं. तिचा तर्क सरळ आहे. ज्याला काही आठवत नाही, तो दर फेरीत अक्षरशः तेच बोलणार. ज्याचं वाक्य बदललं, त्याला आठवतं आहे. आणि ज्याला आठवतं आहे, तोच खुनी. दिवे विकणारी किनू सहा फेऱ्या विचारते, "दिवा घेणार का? वारा सुटणार आहे." सातव्या फेरीत ती म्हणते, "दिवा घे. वारा सुटणार आहे." एवढाच फरक. सगळं रहस्य त्या एका बदलावर उभं.

आमच्या मराठीत मात्र पहिल्या दिवसापासून वाक्य बदलणारा माणूस एकच होता. निष्पाप गेन्साकू.

आणि ते मी केलं होतं.

"दशावतारातली सवय, दुसरं काय," इम्रान मुजावर यंत्रावरून मान न काढता म्हणाला. तो आमचा ध्वनिमुद्रक. मनानं वाईट नव्हता. "तिथं कुठं लिहिलेलं असतं? उभं राहायचं आणि सुचेल ते ठोकून द्यायचं."

जनार्दन मेस्त्री, म्हणजे आमचे जनूमामा, कुडाळच्या बाजूचे. चाळीस वर्षं दशावतारात राजे आणि राक्षस करत आले होते. इम्रान म्हणाला ते खरंच होतं. दशावताराला संहिता नसते, कथा ठरलेली आणि बोलणं त्या त्या रात्रीचं. एका जत्रेत ते रंगमंचाच्या कडेवरून खाली पडले, पाय मोडला, मग लेकीनं कोल्हापूरला आणून ठेवलं. दोन वर्षं सोसायटीच्या जिन्यात बसून काढली त्यांनी. मग हे काम मिळालं.

"मी कागद सोडून एक शब्द बोललो नाही," मामा म्हणाले. स्टुडिओत ते नेहमी असंच स्वच्छ पुस्तकी बोलत. "चाळीस वर्षं मनाचं बोललो, ते खरं. इथं आल्यापासून नाही. मास्तरांना विचारा. ते जवळच असतात माझ्या."

शर्वाणीनं माझ्याकडे पाहिलं. इम्राननंही पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "म्हणजे... मामा तसे... व्यवस्थितच बोलत होते."

एवढंच बोललो मी. ना होय, ना नाही. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

झालं होतं ते असं. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरताना मामा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, चष्मो इसरलंय. तेवढा वाचून दाखवशात?" मी वाचून दाखवलं. एकदा ऐकलं की त्यांना पाठ. दुसऱ्या दिवशीही चष्मा विसरलेला. तिसऱ्या दिवशी चष्मा डोळ्यावर होता आणि कागद उलटा धरलेला होता. मी तो हळूच सरळ केला आणि न विचारता वाचायला लागलो. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. खोलीत उजेड मंद असायचा, काचेपलीकडून फक्त दोन म्हाताऱ्यांची डोकी जवळ आलेली दिसायची. शर्वाणीला वाटायचं, मी उच्चार सांगतो आहे.

मंजूर झालेल्या कागदाला कुणी हात लावायचा नाही, असा वाहिनीचा नियम. मी हात लावला नाही. पण दुसऱ्या फेरीचं वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि तेच शब्द पुन्हा माझ्या जिभेवर येईनात. चौतीस वर्षं एका परिच्छेदात एकच शब्द दोनदा आला की मी खाली लाल रेघ मारत आलो होतो. म्हणून मी मामांच्या कानात जरा वेगळं सांगितलं. जरा बरं. मामा ते इतकं सुंदर बोलले की मला माझा अभिमान वाटला. मग तिसरी फेरी, चौथी. मी मालिकेतला दोष दुरुस्त करत होतो. बाकीचे नट कागद बघून बोलत, त्यामुळे त्यांची वाक्यं शाबूत राहिली.

"मामा," शर्वाणी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "वाहिनीच्या कर्णिकांनी काल रात्री सगळे भाग सलग ऐकले. ते म्हणतात, जो नट संहिता पाळत नाही त्याच्यावर पुढचे भाग सोपवता येणार नाहीत. बारा वाजता त्यांचा फोन येणार आहे. तोवर मला दुसरा आवाज ठरवून ठेवायचाय. मी माळींना बोलावलंय."

"माळी म्हणजे तो जाहिरातीतला?"

"हो."

"बरं," मामा म्हणाले.

मी खिशातली चिठ्ठी काढली आणि शर्वाणीसमोर टेबलावर ठेवली. तिच्यात सगळं होतं. माझी चूक, मामांचा निरपराधीपणा. डोळ्यांचं मात्र मी लिहिलं नव्हतं. 'मजकडून तोंडी बदल सुचवले गेले' असं लिहिलं होतं, छापखान्याच्या भाषेत. शर्वाणी फोनवर माळींना पत्ता सांगत होती. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, न उघडताच मान हलवली, आणि चहा आला तसा कप चिठ्ठीवर ठेवला.

मामा भिंत चाचपत बाहेर जिन्यात गेले. मी मागोमाग गेलो. ते तिसऱ्या पायरीवर बसले होते. खाली दुचाकीच्या दुकानात कुणीतरी इंजिन पेटवून बघत होतं.

"मास्तर."

"मी आहे."

"माहीत आसा. तुमच्या चपलांचो आवाज येता." त्यांनी सरकून जागा करून दिली. "कागदार एकच वाक्य होता?"

"हो."

"सहाव वेळा?"

"हो."

"मग तुमी माका सहा सांगलात ती खंयसून आणलात?"

"माझ्या मनची. मला वाटलं, जरा चांगलं होईल. मामा, माझं चुकलं. मला शेवट माहीत नव्हता."

ते हसले. तसं हसू मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. "म्हणजे दशावतार तुमीच केलात. आणि सोंग माका लावलात."

"मी आत्ता जाऊन सांगतो."

"काय सांगतलात?"

"की मी वाचून दाखवत होतो आणि—"

"वाचून कित्याक दाखवत होतात? विचारतली ना ती?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"काचबिंदू," मामा म्हणाले. "परत येणारी गोष्ट नाय ती. त्या राती रंगमंचावरून पडलंय तो पाय घसरान नाय पडलंय. कड दिसली नाय. ह्यां माझ्या चेडवाक, माझ्या लेकीक, पण ठावक नाय. तिका कळला तर ती माका भायर सोडूची नाय. आणि ह्या बाईक कळला तर? कागद दिसणा नाय त्या माणसाक माईकसमोर कोण उभो करतलो?" त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "डोळ्यांचा नाव काढू नकात. शप्पथ आसा तुमका."

"मग तुमचं काम जाईल."

"जाऊं दे. मनाचा बोललो म्हणान गेला, तर लोक म्हणतले, दशावतारी तो, तसोच असतलो. आंधळो म्हणान गेला, तर परत कोण बोलवूचो नाय. कळला?"

कळलं होतं. मी गप्प राहिलो तर त्यांचं काम जाणार होतं, आणि बोललो तर त्याच्या पुढची सगळी कामं. आणि दोन्ही माझ्याच एका हौसेपायी.

"चांगली मालिका आसा ती पण," मामा मधेच म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाशी. "आमचो दशावतारातलो संकासुर राकस एका गावात मरता, दुसऱ्या राती दुसऱ्या गावात परत उभो. लोकांका माहीत आसता, तरी बघतत. तसाच ह्यां. एकच गोष्ट माका पटली नाय. ती पोरगी मेल्यांसाठी रडणा नाय. उद्या परत उठतले म्हणता. अगो, पण आज मेले ना?"

मलाही ते खटकलं होतं, टिपणात लिहायला सुचलं नव्हतं. शेवटच्या भागांबद्दलही बोलावंसं वाटलं, तिथं एक कोल्हा-देव येतो आणि वीस मिनिटं सगळं समजावून सांगतो, आधीचे नियम मोडतो, ते फार फसलंय म्हणून. पण ती वेळ नव्हती. साडेअकरा होऊन गेले होते.

मी आत गेलो. कपाखालची चिठ्ठी अजून न उघडलेलीच होती; ती काढून मी परत खिशात घातली.

"शर्वाणी, एक सांगायचं आहे."

"बोला ना सर."

"ती वाक्यं मामांनी बदलली नाहीत. मी बदलली."

तिनं फोन खाली ठेवला. इम्राननं कानावरचे हेडफोन काढले.

"कशी?"

आणि मी खोटं बोललो. ज्या माणसानं चौतीस वर्षं फक्त चुका शोधल्या त्याला खोटंही धड जमलं नाही. "मामांच्या कागदांवर मी पेन्सिलीनं बदल करून दिले. त्यांनी माझं लिहिलेलं वाचलं. त्यांना वाटलं, ते मंजूर झालेलं आहे."

"इम्रान, मामांचे कागद कुठायत?"

"खणात. सगळे ठेवलेत."

इम्राननं गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. शर्वाणीनं एक एक पान उलटलं. पानं कोरी करकरीत होती. घडीसुद्धा पडली नव्हती. एका पानाच्या कोपऱ्यावर तेवढा चहाचा डाग होता, तोही माझा.

"सर, यात पेन्सिलीची एक रेघ नाही."

"खोडलं असेल."

"कुणी? कधी?"

मी चहाच्या डागावरून बोट फिरवलं.

"सर," शर्वाणी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जी दया होती ती मला सहन झाली नाही, "मामा तुमचे मित्र आहेत, मला कळतं. तुम्ही भिडस्त आहात. त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही अंगावर घेताय. पण असं खोटं बोलून मला अजून अडचणीत नका ना आणू. तुमच्यावर माझा किती विश्वास होता."

'होता' म्हणाली ती. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. माळी आले असणार, असं मला वाटलं. सांगायचं ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं, दोन शब्द होते फक्त, आणि माझं मनगट अजून दुखत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला आजवर कळलेलं नाही की मी शपथ पाळत होतो की घाबरलो होतो. नऊ वर्षं मी स्वतःला पहिलं उत्तर देतो, आणि पटत नाही.

"ते खोटं बोलतायत," दारातून आवाज आला. माळी नव्हते. जनूमामा होते, एक हात चौकटीवर. "पण अर्धंच."

"मामा, तुम्ही बसा," शर्वाणी म्हणाली.

"बसतो. आधी एक पान दे इकडं."

तिनं दिलं. मामांनी ते हातभर लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं, मग परत तिच्या दिशेनं धरलं. ती उभी होती त्याच्या जरा डावीकडे.

"ह्या पानावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही. तीन महिन्यांत एकदाही दिसलं नाही. मास्तर कानात सांगायचे, मी बोलायचो. त्यांनी सहा सांगितली, मी सहा बोललो. चूक त्यांची आहे, पण रेघ कुठून सापडणार? कानात पेन्सिल चालत नाही."

इम्रान पुढं झाला आणि खुर्ची त्यांच्या मागे सरकवली. ते बसले नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?" शर्वाणीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

तिनं त्यांच्या हातातलं पान घेऊन गठ्ठ्यावर ठेवलं. खोटं बोलली नाही, एवढं तिचं मोठेपण. टेबलावरचा फोन वाजायला लागला. बाराला पाच कमी होते. कर्णिक वेळेआधीचे होते. फोन चार वेळा वाजला. पाचव्यांदा तिनं उचलला.

"हो सर... हो, चौकशी झाली. नटाचा दोष नाही... नाही, पूर्ण खात्री आहे. मंजूर संवाद लेखकाकडून बदलले गेले... हो, आमच्याच लेखकाकडून." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "लेखक बदलते. बाकीचं मी स्वतः लिहीन... गेन्साकू? गेन्साकू तोच राहील... सर, त्या माणसाला एकदा सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लक्षात राहतं. असा नट मला दुसरा मिळणार नाही... हो. आज संध्याकाळपर्यंत सगळं दुरुस्त करून पाठवते."

फोन ठेवून तिनं ती करकरीत पानं जुळवून ठेवली. मग म्हणाली, "सर, श्रेयनामावलीतून तुमचं नाव निघेल."

"हो. बरोबर आहे."

"तुम्ही मला विचारायला हवं होतं. एकदा तरी."

"हो."

खरंच माळी आले तेव्हा तिनं त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या मालिकेचं काहीतरी सांगून परत पाठवलं. इम्राननं सुचवून पाहिलं की पहिल्या फेरीचंच ध्वनिमुद्रण सगळीकडे जोडू. बसेना. दर फेरीत चित्र वेगळ्या बाजूनं काढलेलं होतं, ओठ कुठं आधी हलत, कुठं उशिरा. पाचही वाक्यं नव्यानं बोलावी लागणार होती.

मामा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले. मी माझी पिशवी उचलली. त्यात शब्दकोश होता आणि डबा. दारापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"मास्तर खंय गेले?"

शर्वाणीनं बोलायचं बटण दाबलं. "मामा, तुम्हाला वाक्य इम्रान सांगेल."

"इम्रान नको. त्याचा श्वास माझ्या कानात जातो. मास्तरांना पाठव."

"मामा, सर आता या कामावर..."

"माझा राग आहे त्यांच्यावर. तो राहील, तुला काय त्याचं? पण ते वाचतात तेव्हा मला ऐकू येतं. नाही तर माळीला परत बोलाव."

शर्वाणी माझ्याकडे वळली. तिनं ते पान पुढं केलं, पण लगेच सोडलं नाही. आम्ही दोघांनी ते थोडा वेळ धरून ठेवलं.

"कागदावर आहे ते," ती म्हणाली. "फक्त ते."

मी आत गेलो. दार बंद झालं की त्या खोलीत आपलाच श्वास मोठा वाटतो. मामा माईकसमोर उभे होते. मी नेहमीच्या जागी, त्यांच्या उजव्या कानाशी उभा राहिलो. समोर पडद्यावर बस थांबली, रिन्को उतरली. दुसरी फेरी.

"आलीस होय, पोरी? पाणी तापलंय. आधी पाय शेकून घे," मी वाचलं.

ते तसंच बोलले. तिसऱ्या फेरीलाही मी तेच वाचलं. चौथ्या फेरीला चित्र पाठमोरं होतं, रिन्कोचे खांदे तेवढे दिसत होते, आणि तिला माहीत होतं की परवा हा म्हातारा मरणार. मी वाचलं, मामा बोलले, आणि काचेपलीकडे शर्वाणीनं तोंडावर हात ठेवलेला मला दिसला.

पाचव्या फेरीला मी पान वर केलं. वाक्य समोर होतं. 'तापलंय' या शब्दावर माझी नजर गेली आणि चौतीस वर्षांची सवय हातात शिवशिवली. इथं 'कढत' किती छान बसलं असतं. मी थांबलो. एखादाच क्षण असेल.

मामांनी मान माझ्याकडे वळवली. आता ती बरोबर माझ्या तोंडासमोर आली.

"अडलात?"

"नाही."

"मग सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "आसा तसाच."

मी सांगितलं.